आधी वाट द्या, मग वाट मागा!

ठाकुर्लीचा नव्वद फुटी रस्ता जेथे पत्री पुलापाशी कल्याण-शीळ रस्त्याला येऊन मिळतो, तेथे सायंकाळच्या गर्दीत घटकाभर उभे राहावे. आमच्या नागरी जीवनाची परीक्षा घेण्यासाठी मग दुसरीकडे कोठेही जावयास नको. शीळकडून येणारी मालमोटार उजवी कड धरून संथ चालीने पुढे सरकत असते. तिच्या मागे दहा मोटारींचे हॉर्न एकाच वेळी केकाटत असतात. डावीकडून रिक्षावाले आणि दुचाकीस्वार मिळेल त्या फटीतून नाक पुढे घालीत असतात. ठाकुर्लीकडून आलेल्या माणसाला कोणी शिरू देत नाही, म्हणून तो बळानेच आडवा घुसतो. आणि तो आडवा होताच दोन्ही रस्त्यांवरील सारा प्रवाह जागच्या जागी थिजतो. प्रत्येकाला घाई आहे आणि म्हणूनच कोणीही पुढे जात नाही! हा विनोद नव्हे, हे रोजचे वास्तव आहे. आणि ते आता इतके अंगवळणी पडले आहे की, त्याची लाज वाटण्याचेही आम्ही सोडून दिले आहे.

रस्ता अरुंद आहे, पूल जुना आहे, सरकार झोपले आहे, अशी तक्रार आम्ही सारे वर्षानुवर्षे करीत आलो. ती खोटी होती असे कोण म्हणेल? शंभर वर्षांहून जुना झालेला पत्री पूल धोकादायक ठरून २०१८ च्या नोव्हेंबरात पाडण्यात आला आणि त्याच्या जागी नवा पूल खुला होण्यास २०२१ चा जानेवारी उजाडावा लागला. त्या सव्वादोन वर्षांत कल्याण-डोंबिवलीच्या नागरिकांनी जे भोगले, ते त्यांचे त्यांनाच ठाऊक. पुढे २०२४ साली मोठागाव-माणकोली पूलही वाहतुकीस खुला झाला. कल्याण-शीळ रस्त्याचे रुंदीकरण आणि काँक्रिटीकरण झाले. नवे पूल आले, नवे काँक्रीट आले. पण कोंडी हटली काय? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी कोणा तज्ज्ञाला पाचारण करण्याचे कारण नाही. रस्ता रुंद झाला, रस्त्यावरील माणसाचे मन मात्र होते तेवढेच अरुंद राहिले, हे त्याचे सरळ उत्तर आहे.

महामार्गावरून मोटार हाकणाऱ्या सुशिक्षित गृहस्थाला विचारा. तो पहिला राग काढील तो सावकाश चालवणाऱ्यांवर. 'हे लोक रस्त्यावर येतातच कशाला?' असा त्याचा सवाल असतो. आमचे स्पष्ट मत असे आहे की, या रागात अर्धा न्याय आहे आणि अर्धा अन्याय. भार वाहणारा टेम्पो, वयस्क स्कूटरस्वार, नुकताच शिकलेला तरुण, मुलाबाळांना घेऊन जाणारा बाप, हे सावकाश जाणारच. त्यांनी सावकाश जावे हेच इष्ट. रस्ता जितका वेगवान मोटारवाल्याचा, तितकाच तो त्यांचाही आहे. कायदा कमाल वेगाची मर्यादा घालतो. त्या मर्यादेपर्यंत पोहोचलेच पाहिजे, अशी सक्ती तो कोणावर करीत नाही. तेव्हा सावकाश चालवणे हा गुन्हा नव्हे. सावकाश चालवून उजवी बाजू अडवणे हा मात्र निःसंशय अपराध आहे! संथ माणूस डावीकडे असेल तर तो सुज्ञ. तोच उजवीकडे ठाण मांडून बसला म्हणजे दुराग्रही. दोष चालीचा नाही, जागेचा आहे.

आणि गंमत अशी की, हे तत्त्व ठाकुर्लीकरांना कोणी नव्याने शिकवावयास नको. मध्य रेल्वेच्या रुळांनी ते त्यांना कित्येक पिढ्या शिकवले आहे. ठाकुर्लीच्या फलाटावर धीमी लोकल थांबते. जलद लोकल आपल्या वेगळ्या मार्गाने धडधडत निघून जाते. म्हणून धीम्या गाडीचा कोणी अपमान मानीत नाही आणि जलद गाडी तिच्या नावाने शंख करीत नाही. पुढे कल्याणला कसाऱ्याचा आणि कर्जतचा असे दोन मार्ग एकत्र येतात. तेथे कोणती गाडी आधी सोडावयाची आणि कोणती सिग्नलला थोपवावयाची, हे ठरलेले असते. दोन्ही गाड्यांनी एकदमच शिरण्याचा हट्ट धरला तर काय अनर्थ ओढवेल, हे शाळकरी मुलालाही समजते. दूरच्या गाड्या आणि लोकल यांची गल्लत टळावी म्हणूनच तर ठाणे-दिवा दरम्यानचा पाचवा-सहावा मार्ग २०२२ साली सुरू करण्यात आला. संथ आणि वेगवान यांना वेगळी वाट द्यावी, आणि जेथे वाटा एक होतात तेथे पाळी ठरवावी, या दोन नियमांवर लाखो प्रवाशांचा प्राण रोज सुखरूप घरी पोहोचतो. रुळावर जी शिस्त लोखंड लावते, ती रस्त्यावर आपली आपण लावून घ्यावयाची असते. एवढाच काय तो फरक. आणि नेमका तेथेच आमचा पाय घसरतो!

मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गाकडे पाहा. ९४.५ किलोमीटरचा, जाण्यास तीन आणि येण्यास तीन मार्गिका असलेला हा रस्ता २००२ साली पूर्ण झाला, तेव्हा अवघ्या महाराष्ट्राचा ऊर अभिमानाने भरून आला होता. अवजड वाहनांनी डावीकडून जावे आणि सर्वांत उजवी मार्गिका केवळ पुढे काढण्यापुरती वापरावी, हा तेथील नियम. प्रत्यक्षात काय दिसते? घाटात एक मालमोटार दुसरीला पुढे काढू पाहते, दुसरी तिसरीला, आणि तिन्ही मार्गिका तीन संथ गाड्यांनी बंद होऊन जातात. मागचा मोटारवाला चिडतो आणि डावीकडून मुसंडी मारतो. एकाचा हट्ट आणि दुसऱ्याचा उतावीळपणा यांची गाठ पडली म्हणजे जे घडते, त्याला आपण 'अपघात' असे निष्पाप नाव देतो. हा रस्ता किती मोलाचे प्राण गिळतो हे महाराष्ट्राने पाहिले आहे. भक्ती बर्वे २००१ साली याच मार्गावर गेल्या. आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे २०१२ साली गेले. विनायक मेटे २०२२ साली गेले. प्रत्येक दुर्घटनेचे कारण वेगळे असेल. पण बेशिस्तीच्या रस्त्यावर निर्दोष माणसाचेही आयुष्य स्वस्त होते, हे त्यातून कोणाला नाकारता येईल? केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. एखाद्या युद्धात एवढी माणसे पडली असती, तर देशात हाहाकार उडाला असता!

आता दोन वाटांच्या मीलनाचा प्रश्न घ्या. वाहतूक मोकळी असते तेव्हा कायदा स्वच्छ आहे: लहान रस्त्यावरून येणाऱ्याने मोठ्या रस्त्यावरील वाहनांना आधी जाऊ द्यावे. परंतु गर्दीच्या वेळी मोठा रस्ता तासन् तास खळतच नाही. तेव्हा नव्वद फुटी रस्त्यावरच्या माणसाने काय रात्री अकरापर्यंत उभे राहावे? अशा वेळी जगाने शोधून काढलेला उपाय अगदी साधा आहे. मुख्य रस्त्यावरची एक गाडी, मग बाजूची एक गाडी. पुन्हा मुख्य रस्त्यावरची एक, पुन्हा बाजूची एक. कपड्याच्या चेनचे दाते जसे एकाआड एक बसत जातात, तसे हे. दोन मार्गिकांची जेथे एक होते, तेथे अशा आळीपाळीने शिरण्याचा दंडक जर्मनीने आपल्या वाहतूक कायद्यातच घातला आहे. ब्रिटनची नियमपुस्तिका गर्दीच्या, मंद वाहतुकीत तशीच शिफारस करते. यामुळे अरुंद तोंडातून तासाला जाणाऱ्या गाड्या फार वाढतात असे नाही. पण दोन्ही मार्गिका शेवटपर्यंत वापरल्या गेल्याने मागची रांग आखूड होते, ती पाठीमागच्या चौकापर्यंत लांबत नाही, आणि माणसांची डोकी शांत राहतात. हा काही लहान लाभ नव्हे.

गर्दी नसतानाही कोंडी कशी जन्मते, याचा एक बोधप्रद प्रयोग जपानमधील शास्त्रज्ञांनी केला आणि तो २००८ साली प्रसिद्ध झाला. २३० मीटर घेराच्या वर्तुळावर २२ मोटारी एकाच वेगाने चालवण्यास सांगितल्या. वाटेत खड्डा नव्हता, सिग्नल नव्हता, आडवे येणारे कोणी नव्हते. तरीही थोड्याच वेळात कोंडी झालीच! एकाने थोडा वेग कमी केला, मागच्याने थोडा अधिक, त्याच्या मागच्याने त्याहून अधिक, आणि शेवटी कोणीतरी पुरता थांबला. जपानी शिस्तीची जर ही गत, तर जेथे प्रत्येक जण पुढच्याच्या पाठीला चिकटून चालतो आणि इंडिकेटर न दाखवता मार्गिका बदलतो, तेथे काय व्हावे? तुमचा एक अकारण ब्रेक मागच्या पन्नास माणसांच्या घड्याळातील मिनिटे खातो. दोन गाड्यांमधले अंतर म्हणजे फुकट गेलेली जागा नव्हे. तो सर्वांचा श्वास आहे.

'हे सारे परदेशात ठीक आहे. आपल्या लोकांच्या रक्तातच शिस्त नाही,' असे म्हणून खांदे उडवणारे पंडित आमच्यात पुष्कळ आहेत. ही आत्मनिंदा आम्हांस मुळीच मान्य नाही. लाखो वारकरी पंढरीची वाट चालतात, त्यांतील दिंड्या माउलींच्या रथापुढे आणि रथामागे आपापल्या ठरलेल्या क्रमाने चालतात. पुढच्या दिंडीला रेटून कोणी आधी पंढरपूर गाठू पाहत नाही. तेव्हा क्रम पाळणे आम्हांला परके नाही. पायी चालताना जो माणूस दुसऱ्याला 'माउली' म्हणतो, तोच चाकामागे बसला म्हणजे दुसऱ्याला शिव्या घालतो, हे मात्र खरे. वाण रक्तात नसून काचा वर केलेल्या त्या डब्यात आहे, जेथे बसल्यावर समोरचा माणूस दिसत नाही, फक्त त्याची गाडी दिसते.

मात्र सारा दोष नागरिकांच्या माथी मारून सरकारला मोकळे सोडण्यास आम्ही तयार नाही. संथ वाहनाने डावीकडून जावे, हे खरे. पण ती डावी बाजू आहे कोठे? कल्याण-शीळ रस्त्याच्या डाव्या कडेला कोठे मालमोटारी उभ्या, कोठे रिक्षांचा तळ, कोठे खोदकामाचे पत्रे. टेम्पोवाला उजवीकडे सरकतो, कारण त्याची डावी वाट दुसऱ्याने बळकावलेली असते. मार्गिकांचे पांढरे पट्टे एका पावसाळ्यात पुसून जातात, आणि मग मार्गिका पाळा असे सांगणे म्हणजे वही न देता शुद्धलेखन मागणे होय. द्रुतगती महामार्गावर २०२४ साली कॅमेऱ्यांची यंत्रणा सुरू झाली. बेशिस्तीचा दंड घरपोच येऊ लागला. दंडाला आमचा विरोध नाही. पण जे सरकार दंड वसूल करण्यात इतके तत्पर, त्याने पट्टे रंगवण्यातही तितकीच तत्परता दाखवावी!

परवान्याची कथा याहून वेगळी नाही. परीक्षेला बसणाऱ्याकडून आठाचा आकडा काढून घेतात, गाडी मागे घ्यावयास लावतात. परंतु वाहत्या रस्त्यात शिरावे कसे, मागून येणाऱ्याला वाट द्यावी कशी, कोणी आपल्याला पुढे काढीत असताना वेग वाढवू नये, हा लिखित नियम मनात मुरावा कसा, याची कसोटी कोण घेतो? हे न शिकलेला माणूस एमएच-०४ किंवा एमएच-०५ ची पाटी लावून थेट महामार्गावर उतरतो, आणि मग आपण त्याच्या नावाने बोटे मोडतो.

आता शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे. या रस्त्यावर केवळ कचेरीला जाणारे लोक नसतात. कल्याण-डोंबिवलीतील गंभीर रुग्णास कळवा किंवा मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात हलवावयाचे, तर रुग्णवाहिकेला याच गर्दीतून वाट काढावी लागते. तिला वाट न देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, अशी तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने झाली आहे. जर्मनीत तर वाहतूक थबकू लागताच, भोंगा ऐकू येण्याची वाट न पाहता, गाड्या दोन्ही कडांना सरकून मधली पट्टी मोकळी ठेवतात. तसा तेथे कायदाच आहे. आमच्याकडे भोंगा ऐकल्यावरही कित्येकांची सरकण्याची इच्छा नसते. आणि ज्याची असते, त्याला सरकण्यापुरतीही जागा आजूबाजूच्यांनी ठेवलेली नसते. इतकेच नव्हे, तर रुग्णवाहिकेच्या पाठोपाठ आपली गाडी घुसवून चार मिनिटे वाचवणारे महाभागही आम्ही पाहतो. त्या भोंग्याच्या आत एखाद्याची आई असते. उद्या ती आपली असू शकेल, एवढा विचार ज्याला सुचत नाही, त्याची पदवी आणि त्याची मोटार दोन्ही व्यर्थ होत!

म्हणून आमची मागणी दुहेरी आहे. महापालिकेने, रस्ते विकास महामंडळाने आणि वाहतूक पोलिसांनी पत्री पुलाच्या तोंडाशी आणि काटई नाक्यासारख्या ठिकाणी ठळक पट्टे आखावेत, 'एक इकडची, एक तिकडची' असे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहावे, पहिले काही महिने तेथे माणूस उभा करून ती सवय लावावी, आणि डाव्या कडेवरील उभी वाहने निर्दयपणे हटवावीत. आणि नागरिकांनी? त्यांनी कोणाचीही वाट न पाहता उद्याच्या सकाळपासून तीन गोष्टी कराव्यात: सावकाश जावयाचे असेल तर डावीकडून जावे, पुढे काढून झाल्यावर उजवी बाजू सोडावी, आणि बाजूच्या रस्त्यावरून आलेल्या एका, निदान एका गाडीला आपल्या पुढे शिरू द्यावे. यासाठी निविदा लागत नाही, भूमिपूजन लागत नाही, मंत्री लागत नाहीत. नवा पूल बांधावयास वर्षे लागतात. दुसऱ्याला वाट देण्यास फक्त तीन सेकंद लागतात. ती तीन सेकंदे देण्याची ज्या शहराची तयारी नाही, त्याला कितीही पूल बांधून दिले तरी ते अपुरेच पडणार!