बग, एरर, अ‍ॅनोमली वगैरे

शुक्रवारी संध्याकाळी टीममधल्या टेस्टरशी जरा वाजलं. रिलीजच्या रिपोर्टमध्ये तिने 'ओपन बग्ज : ७' असं लिहिलं होतं. रिपोर्ट क्लायंटकडे जाणार, म्हणून मी ते बदलून 'ओपन ऑब्झर्वेशन्स : ७' केलं. ती म्हणाली, "सर, ऑब्झर्वेशन म्हटलं की ते फिक्स होणारेत का?" मी हसून वेळ मारून नेली. पण घरी येईपर्यंत डोक्यात किडा वळवळत राहिला.

किडा म्हणजे इंग्रजीतला बगच की! म्हटलं, चला, या वीकेंडला याच शब्दाच्या मागे लागू.

कीटकशास्त्रज्ञांच्या लेखी प्रत्येक किडा बग नसतो. खरे बग म्हणजे हेमिप्टेरा या गणातले. त्यात मावा येतो आणि आपला ढेकूणही येतो. पण हा अर्थ पुढचा. त्याआधी बग म्हणजे भूत, बागुलबुवा. १५३५ च्या कव्हरडेलच्या इंग्रजी बायबलमध्ये रात्रीच्या 'बग्ज'ना भिऊ नका असं एका स्तोत्रात आहे, आणि म्हणून त्या आवृत्तीला 'बग बायबल' असं नावच पडलं. पोट बिघडवणारा जंतू हाही बग, भिंतीत लपवलेला मायक्रोफोनही बग, आणि कुणाला भटकंतीचं वेड लागलं तर तोही बगच चावलेला असतो. सगळ्यात समान धागा एकच : काहीतरी बारीक, न दिसणारं, बाहेरून आत शिरलेलं.

आमच्या धंद्यातली गोष्ट सगळ्यांना पाठ असते. ९ सप्टेंबर १९४७, हार्वर्डचा मार्क टू संगणक, रिलेमध्ये अडकलेला पतंग. तो लॉगबुकात चिकटपट्टीने चिकटवला आणि खाली लिहिलं की, बग सापडल्याची ही पहिली खरीखुरी घटना. ती वही आज स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. ग्रेस हॉपर हा किस्सा रंगवून सांगायच्या, त्यामुळे शब्द त्यांनीच काढला असं अनेकांना वाटतं. पण 'खरीखुरी' म्हणण्यातली गंमत तेव्हाच कळते, जेव्हा शब्द आधीपासून वापरात असतो. एडिसनने १८७८ च्या एका पत्रात यंत्रातल्या बारीकसारीक अडचणींना बग्जच म्हटलं होतं. आणि पतंग हा काही हेमिप्टेरा नव्हे, म्हणजे शास्त्राने पाहिलं तर तो बग नव्हताच. असो.

आता समानार्थी शब्द. टेस्टिंगच्या पुस्तकात यांची उतरंड असते. माणूस करतो ती एरर. तिच्यामुळे कोडमध्ये राहतो तो डिफेक्ट, म्हणजेच फॉल्ट किंवा बग. आणि तो कोड चालल्यावर वापरणाऱ्याला जे भोगावं लागतं ते फेल्युअर. व्यवहारात मात्र आपण या उतरंडीच्या बाहेरचे शब्द शोधतो : इश्यू, इन्सिडंट, ग्लिच, आणि आमचं लाडकं ऑब्झर्वेशन. या सगळ्यांची खुबी एकच, की त्यात 'कुणी केलं?' हा प्रश्न उरत नाही.

डाइक्स्ट्राने १९८८ मध्ये नेमकं इथेच बोट ठेवलं होतं. त्याला तर 'बग'सुद्धा मान्य नव्हता. प्रोग्रामरचं लक्ष नसताना किडा आपला आत घुसला, हे ढोंग बंद करा आणि सरळ एरर म्हणा, असं त्याचं म्हणणं. पूर्वी मला हा म्हाताऱ्याचा हेकेखोरपणा वाटायचा. ब्रिटिश पोस्टाचं प्रकरण वाचल्यावर मत बदललं.

१९९९ पासून तिथल्या पोस्टांमध्ये फुजित्सुची होरायझन ही हिशेबाची सिस्टीम आली. तिच्या चुकांमुळे गावोगावच्या सब-पोस्टमास्तरांच्या हिशेबात नसलेली तूट दिसायला लागली. करारानुसार तूट त्यांनीच भरायची. हेल्पलाइनला फोन केला तर अनेकांना ऐकवलं गेलं की, असं फक्त तुमच्याकडेच होतंय. ९०० हून अधिक जण दोषी ठरले. सीमा मिश्रा या भारतीय वंशाच्या पोस्टमास्तर बाईंना ७४ हजार पौंडांच्या चोरीबद्दल २०१० मध्ये १५ महिन्यांची शिक्षा झाली. तेव्हा त्या गरोदर होत्या. २०२१ मध्ये ती शिक्षा रद्द झाली.

आणि २०१३ मध्ये, प्रकरण अंगाशी येत असताना, पोस्टाच्या प्रमुख पॉला वेनेल्स काय शोधत होत्या? 'बग'ला जरा सौम्य शब्द! त्यांच्या इंजिनिअर नवऱ्याने सुचवलं : एक्सेप्शन किंवा अ‍ॅनोमली. २०२४ च्या चौकशीत ही ईमेल सगळ्यांसमोर आली. २०१९ च्या कोर्टाच्या निकालात मात्र 'बग्ज, एरर्स अँड डिफेक्ट्स' असे तिन्ही शब्द धडधडीत आहेत.

कुणी म्हणेल, शब्द बदलल्याने काय होतं, चूक तर तीच राहते. नाही हो. 'सिस्टीममध्ये बग आहे' म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, कुणाकुणाला फटका बसला? 'अ‍ॅनोमली आहे' म्हटलं की कुणी काही विचारत नाही, मान डोलावून पुढच्या विषयाकडे जातात.

मराठीत यासाठी मला एक शब्द भलताच आवडतो : खोट. खोट म्हणजे वस्तूतला दोष, आणि खोट म्हणजे धंद्यात आलेला तोटा. कारागिराची खोट आणि गिऱ्हाइकाची खोट एकाच शब्दात. होरायझनचं सगळं प्रकरण त्यात मावतं. खोट सॉफ्टवेअरमध्ये होती, आणि खोट आली पोस्टमास्तरांना.

माझं मत एवढंच : चहाच्या टपरीवर बग म्हणा, काही हरकत नाही. लेखी मात्र डिफेक्ट म्हणा, आणि ज्याने केली त्याने 'चूक झाली'ऐवजी 'मी चूक केली' म्हणायला शिकावं. माझ्यापासून सुरुवात. त्या सातातले दोन माझ्याच कोडमधले आहेत, हे टेस्टरला माहीत होतं. बिचारी बोलली नाही.

रिपोर्ट अजून ड्राफ्टमध्येच आहे. सोमवारी सकाळी आधी तो शब्द परत बदलतो, मग चहा.