स्वस्त प्रिंटर, महाग शाई

जून उजाडला, शाळेचे प्रोजेक्ट आणि प्रवेशाचे अर्ज सुरू झाले, की अनेक घरांत प्रिंटर घ्यायचा विषय निघतो. दुकानात साडेचार हजारांचा कार्ट्रिजवाला इंकजेट आणि बारा हजारांचा ‘इंक टँक’ शेजारी शेजारी मांडलेले असतात. छपाई दोन्हींची सारखीच दिसते. मग साडेसात हजार जास्त कशाचे?

समजा, लहान कार्ट्रिज आठशे रुपयांचे आहे आणि त्यावर 120 पाने निघतात. म्हणजे एक पान पावणेसात रुपयांच्या आसपास पडले. टँकसाठीच्या एप्सनच्या 65 मिलिलिटरच्या काळ्या बाटलीवर कंपनी 4500 पाने सांगते. बाटली चारशेची धरली, तर पान नऊ पैशांचे. किमतीतला फरक साडेअकराशे पानांत भरून निघतो. महिन्याला शंभर पाने छापणाऱ्या घराला त्यासाठी वर्षभर लागेल, दहा पाने छापणाऱ्याला साडेनऊ वर्षे. या दुसऱ्या घराने खरे तर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडेच जावे.

पानांचे हे आकडे आंतरराष्ट्रीय मानकातली ठरावीक नमुना पाने सलग छापण्यावर बेतलेले असतात. घरात तसे होत नाही. प्रिंटहेडची छिद्रे केसापेक्षाही बारीक असतात. प्रिंटर आठवडेच्या आठवडे पडून राहिला, की शाईतले पाणी उडते आणि छिद्रे बुजतात. ती मोकळी करायला यंत्र आतून शाई खेचून टाकते. म्हणजे न छापताही शाई संपते. कमी छपाई करणाऱ्याला म्हणूनच एक पान कंपनीच्या हिशेबापेक्षा बरेच महाग पडते. लेझर प्रिंटरमधला टोनर कोरडी पूड असल्याने त्याला ही व्याधी नाही. फक्त काळी छपाई हवी असेल, तर त्याचाही विचार करावा.

एक गोष्ट मात्र स्वस्त प्रिंटरच्या बाजूने सांगायला हवी. त्यातल्या बऱ्याच मॉडेलांत प्रिंटहेड कार्ट्रिजवरच असते, त्यामुळे कार्ट्रिज बदलले की हेडही नवे. अनेक टँक प्रिंटरांत ते यंत्रातच पक्के बसवलेले असते. तिथे शाई वाळून बसली, तर दुरुस्तीचा खर्च अंगावर येतो. टँक घेतला, तर आठवड्याला एखादे रंगीत पान छापत राहावे आणि प्रिंटर भिंतीवरच्या बटणाने नव्हे, त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावा. तसे केले की हेड जागेवर जाऊन झाकले जाते.

प्रिंटर स्वस्तात द्यायचा आणि शाईवर कमवायचे, हा या धंद्याचा जुना हिशेब. बाहेरची शाई चालू नये म्हणून कार्ट्रिजवर चिप आली. ती कशासाठी आहे, हे 2022 मध्ये गमतीदार रीतीने उघड झाले. चिपांच्या टंचाईमुळे कॅननला टोनरची काही कार्ट्रिज चिपशिवाय विकावी लागली आणि ‘अस्सल नाही’ हा इशारा कसा टाळायचा, ते कंपनीनेच ग्राहकांना समजावून सांगितले! बाहेरची कार्ट्रिज चालणार नाहीत, हे ग्राहकांना नीट न सांगितल्याबद्दल इटलीच्या स्पर्धा नियामकाने 2020 मध्ये एचपीला एकूण एक कोटी युरोचा दंड केला. आपल्याकडे केंद्राने 2022 मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, मोबाइल, वाहने, शेतीची अवजारे आणि घरगुती टिकाऊ वस्तू हे तिचे प्राधान्य. कार्ट्रिजच्या चिपेचा उल्लेख या यादीत नाही.

टँकदेखील कंपन्यांनी दयेपोटी दिलेला नाही. सिरिंजने शाई भरणारे आणि बाहेर बाटल्या लावून नळीने शाई पुरवणारे कारागीर आशियातल्या बाजारांत होतेच. एप्सनने 2010 मध्ये इंडोनेशियात आपला पहिला टँकवाला प्रिंटर आणला, तो हे पाहूनच.

विकत घेताना दुकानदाराला दोन गोष्टी विचाराव्यात. काळी शाई पिगमेंटची आहे का? साध्या डाय शाईतले हॉल तिकीट पावसात भिजले, की अक्षरे पसरतात. आणि सफाईत वाया जाणारी शाई शोषणारी आतली गादी भरली, तर ती आपल्याला घरी बदलता येते की यंत्र सर्व्हिस सेंटरला न्यावे लागते? गादी भरली की बरेच प्रिंटर टाकीत शाई असूनही छापायचे थांबतात.