म्यानमारविषयक धोरणाचा हिशेब संसदेसमोर यावा

प्रति,
माननीय अध्यक्ष व सदस्य,
परराष्ट्र व्यवहारविषयक संसदीय स्थायी समिती,
नवी दिल्ली

परराष्ट्र धोरण हा सरकारच्या अखत्यारीतला विषय मानला जातो आणि आंतरराष्ट्रीय करारांना संसदेची पूर्वमान्यता घेण्याची सक्ती भारताच्या राज्यघटनेत नाही; त्यामुळे शेजारी देशांशी चाललेल्या व्यवहाराची कागदपत्रे मागवून, अधिकाऱ्यांना समोर बसवून शांतपणे छाननी करण्याची जागा स्थायी समितीखेरीज फारशी उरत नाही. समितीने २०२३ मध्ये ‘शेजारी प्रथम’ या धोरणावर स्वतंत्र अहवाल संसदेला सादर केला होता. त्याच्या पुढचा आणि अधिक अडचणीचा प्रश्न असा की, ज्याला प्रथम स्थान द्यायचे तो शेजारी म्हणजे राजधानीतील सत्ताधीश, की सरहद्दीपलीकडे राहणारी माणसे? बहुतेक देशांच्या बाबतीत या दोहोंत फार अंतर नसते, म्हणून हा प्रश्न विचारला जात नाही. अरुणाचल प्रदेश, नागालँड, मणिपूर आणि मिझोराम या चार राज्यांना लागून १,६४३ किलोमीटरची सरहद्द असलेल्या म्यानमारच्या बाबतीत मात्र १ फेब्रुवारी २०२१ पासून तो टाळता येण्यासारखा राहिलेला नाही.

त्या दिवशी म्यानमारच्या लष्कराने, ज्याला तेथे ‘तत्मादाव’ म्हणतात, नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीत निर्विवाद बहुमत मिळवलेल्या पक्षाचे नेते अटकेत टाकून सत्ता ताब्यात घेतली. २७ मार्च २०२१ रोजी, म्हणजे लष्कराने देशभरात शंभराहून अधिक नागरिकांना ठार केले त्याच दिवशी, राजधानी नेपिडोमध्ये सैन्यदिनाचे संचलन झाले आणि ज्या मोजक्या देशांचे प्रतिनिधी त्याला हजर राहिले त्यांत भारताचा समावेश होता. १८ जून रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत सत्तापालटाचा निषेध करणारा ठराव ११९ मतांनी संमत झाला, तेव्हा तटस्थ राहिलेल्या ३६ देशांमध्ये भारत होता. मसुदा घाईने आणण्यात आला आणि शेजारी देशांशी पुरेशी चर्चा झाली नाही, असे कारण त्या वेळी देण्यात आले. ते कारण विचारात घेण्याजोगे आहे; पण डिसेंबर २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेने म्यानमारवर ठराव केला तेव्हा भारत परिषदेचा सदस्य होता, त्या महिन्याचे अध्यक्षपदही भारताकडेच होते, आणि तरीही चीन व रशिया यांच्यासोबत भारत तटस्थच राहिला. घाईचे कारण दुसऱ्यांदा लागू पडत नाही.

धोरणाच्या समर्थनार्थ जो युक्तिवाद केला जातो त्याला अभ्यासक वास्तववाद म्हणतात. राष्ट्रांच्या वर कोणतीही सत्ता नसल्याने प्रत्येक राष्ट्राने स्वतःची सुरक्षितता आणि हित यांनाच अग्रक्रम द्यावा, आणि शेजारी देशात कोण कसे राज्य करतो याची उठाठेव करू नये, असा त्याचा आशय. म्यानमारच्या संदर्भात हा युक्तिवाद तीन गोष्टींवर उभा आहे: ईशान्येतील बंडखोरांचे तळ, चीनचा वाढता प्रभाव आणि ऊर्जा व दळणवळणाचे प्रकल्प. या तिन्ही चिंता खऱ्या आहेत. प्रश्न एवढाच की, तीस वर्षांच्या अनुभवानंतर या सौद्यातून काय मिळाले, याची मोजदाद कोणी केली आहे काय?

ती करायची तर १९८८ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी म्यानमारमध्ये लोकशाहीसाठी उठाव झाला आणि तो चिरडला गेला, तेव्हा भारताने उघडपणे आंदोलकांची बाजू घेतली. सरहद्द ओलांडून आलेल्या विद्यार्थ्यांना मणिपूर व मिझोराममध्ये आसरा दिला, आणि आकाशवाणीची बर्मी सेवा तेथील लष्करशहांच्या डोळ्यांत खुपू लागली. पुढे नरसिंह राव सरकारच्या काळात वारे फिरले. परराष्ट्र सचिव जे. एन. दीक्षित १९९३ मध्ये रंगूनला गेले, १९९४ मध्ये सीमाव्यापाराचा करार झाला, आणि १९९५ मध्ये मिझोराम सीमेवर दोन्ही सैन्यांची बंडखोरांविरुद्ध ‘गोल्डन बर्ड’ ही मोहीम सुरू झाली. ती चालू असतानाच लोकशाहीवादी नेत्या आंग सान स्यू ची यांना जवाहरलाल नेहरू पुरस्कार देण्यात आल्यामुळे म्यानमारच्या सैन्याने हात आखडता घेतला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. दिल्लीने या प्रसंगातून मूल्यांचा उच्चार महाग पडतो असा धडा घेतला. त्यातून दुसराही धडा निघत होता, तो म्हणजे एका पुरस्काराने ज्याचे सहकार्य आटते, तो भागीदार भरवशाचा नव्हे. पण तो कोणी घेतला नाही.

त्यानंतर हिताच्या वाटेने भारत बराच पुढे गेला. सप्टेंबर २००७ मध्ये रंगूनच्या रस्त्यांवर हजारो भिक्खू शांतपणे मोर्चे काढत होते, त्याच सुमारास भारताचे पेट्रोलियममंत्री, मुंबईचे मुरली देवरा, समुद्रतळातील वायुशोधाच्या करारांसाठी म्यानमारमध्ये होते. २०१० मध्ये लष्करशहा थान श्वे भारतभेटीवर आले, बोधगयेला गेले, आणि राजघाटावर त्यांच्या हातून पुष्पचक्र वाहिले गेले. आता फळ पाहावे. अराकान किनाऱ्यालगतच्या ‘श्वे’ वायुक्षेत्रात भारताच्या सरकारी कंपन्यांचे भांडवल गुंतलेले असूनही तेथील वायू २०१३ पासून वाहिनीने चीनच्या युनान प्रांतात जातो. कोलकाता बंदराला समुद्र, नदी आणि रस्ता या तीन टप्प्यांनी मिझोरामशी जोडणाऱ्या कलादान प्रकल्पाचा करार २००८ मध्ये झाला. सित्वे बंदर २०२३ मध्ये सुरू झाले खरे, पण नदीवरचे पलेत्वा हे मोक्याचे गाव जानेवारी २०२४ मध्ये ‘अराकान आर्मी’ या सशस्त्र संघटनेने जिंकून घेतले आणि तेथून मिझोरामच्या सीमेपर्यंतचा सुमारे ११० किलोमीटरचा रस्ता ज्यांच्या मुलखातून जायचा, त्यांच्यावर नेपिडोची हुकमत चालेनाशी झाली. ज्याच्याशी करार केला तोच प्रदेशाचा धनी राहिला नाही. हिताच्या नावाखाली एकाच पक्षावर सगळे दान लावले की असे होते, आणि याला व्यवहारचातुर्य म्हणणे कठीण आहे.

याचा अर्थ भारताचे धोरण तत्त्वशून्य होते, असा काढणे अन्यायाचे होईल. २९ एप्रिल १९५४ च्या भारत-चीन कराराच्या प्रास्ताविकेत नोंदलेले पंचशील, ज्यात परस्परांच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ न करण्याचा समावेश आहे, हे एक मूल्यच होय, आणि नुकत्याच वसाहतवादातून सुटलेल्या देशांच्या दृष्टीने ते मोठे मूल्य होते. त्याच वर्षी चीन आणि बर्मा यांनीही त्याचा संयुक्त पुरस्कार केला. परंतु पंचशील हे राज्यांनी राज्यांशी कसे वागावे याचे नीतिशास्त्र आहे. राज्य स्वतःच्याच प्रजेवर उलटते तेव्हा शेजाऱ्याने काय करावे, याचे उत्तर त्यात नाही. १९६२ मध्ये जनरल ने विन सत्तेवर आले, दुकाने आणि कारखाने सरकारजमा झाले आणि पिढ्यान् पिढ्या तेथे राहिलेल्या लाखो भारतीयांना नेसत्या वस्त्रांनिशी बाहेर पडावे लागले, तेव्हाही दिल्लीने फारसा आवाज केला नाही. १९९६ मध्ये इंदरकुमार गुजराल यांनी मांडलेल्या सूत्रानुसार शेजाऱ्यांकडून परतफेडीची अपेक्षा न धरता भारताने सद्भावाने द्यावे असे ठरले. त्या सूत्रात बांगलादेश, भूतान, मालदीव, नेपाळ आणि श्रीलंका ही नावे होती, म्यानमारचे नव्हते. १९३७ पर्यंत हा देश ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता हे लक्षात घेता, ही वगळणूक चमत्कारिक वाटते. या नात्याच्या खुणा महाराष्ट्रातही आहेत: रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते, आणि त्याच वर्षांत मंडालेचा पदच्युत राजा थिबा रत्नागिरीत नजरकैदेत होता. २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन या राजाच्या समाधीचे दर्शन घेण्यासाठी मुद्दाम रत्नागिरीला आले होते.

मूल्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचीही एक चूक येथे नोंदवणे भाग आहे. १९८८ नंतरच्या काळात भारतातील लोकशाहीप्रेमाने तत्त्वापेक्षा एका व्यक्तीला जवळ केले. दिल्लीत शिकलेल्या, नेहरू-गांधींचे दाखले देणाऱ्या स्यू ची म्हणजेच म्यानमारची लोकशाही, असे समीकरण रूढ झाले. डिसेंबर २०१९ मध्ये त्याच स्यू ची हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात उभ्या राहिल्या आणि लाखो रोहिंग्यांना देशोधडीला लावणाऱ्या लष्करी कारवाईवर घेतलेला वंशसंहाराचा आक्षेप त्यांनी फेटाळून लावला, तेव्हा हे समीकरण कोसळले, आणि ‘सगळे सारखेच’ म्हणत हात झटकणाऱ्यांचे फावले. मूल्य व्यक्तीच्या आधाराने उभे केले तर व्यक्तीबरोबर तेही पडते. कोणाला छळातून पळून यावे लागते आणि आल्यावर त्याचे काय होते, ही कसोटी अधिक टिकाऊ आहे, आणि ती थेट भारताच्या भूमीवर लागू होते.

१० मार्च २०२१ रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने सीमेवरच्या चार राज्यांना पत्र पाठवून म्यानमारमधून होणारा प्रवेश रोखण्यास आणि आलेल्यांना परत पाठवण्यास सांगितले. मिझोरामने ते मानले नाही. चिन टेकड्यांतून येणारे लोक मिझोंचे रक्ताचे भाऊबंद आहेत, त्यांच्या दुःखाकडे पाठ फिरवता येणार नाही, अशा आशयाचे पत्र मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना लिहिले; आणि तेथील गावांनी, चर्चनी आणि यंग मिझो असोसिएशनने तीस हजारांवर माणसांना सामावून घेतले. २०२३ अखेर राज्यात सत्तांतर झाले तरी ही भूमिका बदलली नाही. परराष्ट्र व्यवहार घटनेनुसार केंद्राच्या सूचीत आहेत, त्यामुळे एका लहान राज्याने केंद्राच्या आदेशाविरुद्ध शेजारधर्म पाळावा, हे घटनेच्या चौकटीत अवघड बसते. पण २०२१ नंतर म्यानमारच्या जनतेच्या मनात भारताविषयी जी काही कृतज्ञता उरली असेल, ती दिल्लीने नव्हे, मिझोरामने कमावलेली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने सरहद्दीवर कुंपण घालण्याचा आणि मुक्त संचार व्यवस्था, म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंच्या १६ किलोमीटर पट्ट्यातील रहिवाशांना व्हिसाविना ये-जा करू देणारी सोय, रद्द करण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा मिझोराम आणि नागालँडच्या विधानसभांनी त्याविरुद्ध ठराव केले. मणिपूरच्या सरकारचे मत याच्या उलट होते आणि तेथील हिंसाचार पाहता त्याची कारणे उडवून लावता येत नाहीत. अशा परस्परविरोधी साक्षी एकत्र ऐकून घेणे, हे तर समितीचे कामच आहे.

कायद्याची स्थिती मात्र लाजिरवाणी आहे. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि देशात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. परिणामी जीव वाचवण्यासाठी आलेला मनुष्य आणि बेकायदा घुसलेला परदेशी यांत कागदोपत्री फरकच उरत नाही. २०१९ चा नागरिकत्व दुरुस्ती कायदा ज्या तीन देशांपुरता आहे त्यांत म्यानमार नाही. न्यायालयांनी ही पोकळी भरण्याचा प्रयत्न केला, पण एका सुरात नाही. मे २०२१ मध्ये मणिपूर उच्च न्यायालयाने म्यानमारच्या सात नागरिकांना दिल्लीला जाऊन संयुक्त राष्ट्रांकडे संरक्षण मागण्याची मुभा दिली आणि ज्या देशात जिवाला धोका आहे तेथे कोणालाही परत धाडू नये हे तत्त्व घटनेच्या २१ व्या अनुच्छेदात वाचले. त्याच्या महिनाभर आधी सर्वोच्च न्यायालयाने विहित प्रक्रिया पाळून रोहिंग्यांना परत पाठवण्यास आडकाठी केली नव्हती. चिन ख्रिस्ती असला तर पाहुणा आणि रोहिंग्या मुसलमान असला तर घुसखोर, असा भेद जर व्यवहारात पडत असेल, तर तेथे ना मूल्य आहे ना सुरक्षेचा विचार. तेथे पूर्वग्रह आहे, आणि समितीने त्याला त्याच नावाने संबोधावे. २०२४ पासून समितीचे अध्यक्षपद सांभाळणारे शशी थरूर यांनी निर्वासितांना आश्रय देण्याविषयीचे खासगी विधेयक यापूर्वी लोकसभेत मांडलेले आहे, त्यामुळे हा विषय समितीला नवा नाही.

शस्त्रांचा प्रश्न याहून सरळ आहे. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांच्या मे २०२३ च्या अहवालानुसार सत्तापालटानंतर भारतातील सरकारी आणि खासगी कंपन्यांकडून म्यानमारच्या लष्कराला सुमारे ५.१ कोटी डॉलरची शस्त्रे व संबंधित सामग्री गेली. रशियाच्या ४०.६ कोटींच्या तुलनेत हा आकडा किरकोळ आहे, आणि नेमके म्हणूनच त्याचे समर्थन होऊ शकत नाही: एवढ्या मालाने भारताचा प्रभाव वाढत नाही, फक्त नाव जोडले जाते. मार्च २०२५ च्या भूकंपानंतर ‘ऑपरेशन ब्रह्मा’ या नावाने भारतीय सैन्याचे वैद्यकीय पथक मंडालेत रुग्णालय उभारत होते. ज्या देशात ते पथक जखमा बांधत होते, त्याच देशाच्या लष्कराला भारतीय सामग्री मिळत राहावी काय, याचे उत्तर देण्यास परराष्ट्र आणि संरक्षण या दोन्ही मंत्रालयांना बांधील धरले पाहिजे.

नेपिडोशी संबंध तोडावेत, अशी मागणी येथे केलेली नाही. १,६४३ किलोमीटरची सरहद्द असलेल्या देशाला ती चैन परवडणारी नाही. पंतप्रधानांनी एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकमध्ये लष्करप्रमुखांची भेट घेतली, यातही स्वतःहून आक्षेपार्ह काही नाही. आक्षेप आहे तो तडजोडीचा हिशेब न ठेवण्यावर. समितीने अनुदानाच्या मागण्यांची पुढील तपासणी करताना म्यानमार हा स्वतंत्र विषय घ्यावा. १९९३ पासूनच्या सहकार्यातून काय मिळाले आणि काय गमावले याचे लेखी निवेदन मंत्रालयाकडून मागवावे. २०२१ नंतरच्या शस्त्रनिर्यातीची माहिती सदनापुढे ठेवावी. मिझोराम आणि मणिपूर या दोन्ही राज्यांच्या साक्षी नोंदवाव्यात. आणि निर्वासितांसाठी, त्यांचा धर्म न विचारता लागू होणारा कायदा करण्याची शिफारस स्पष्ट शब्दांत करावी.