शिवारातील नोंदवही आणि पदव्युत्तर शिक्षण

मृगाचा पाऊस पडून जमिनीला वाफसा येण्यापूर्वी बुलडाणा जिल्ह्यात गावोगाव एक लहानसा प्रयोग केला जातो. घरच्या सोयाबीनच्या पोत्यातून १०० दाणे मोजून घ्यावयाचे, ते ओल्या गोणपाटावर ओळीने मांडावयाचे, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवावयाचे आणि आठवड्याने कोंब मोजावयाचे. ७० किंवा त्याहून अधिक दाणे उगवले म्हणजे बियाणे पेरणीस योग्य समजावयाचे. कृषी सहायक ह्या नावाने गावाला परिचित असलेला कर्मचारी एका हंगामात अशा अनेक चाचण्या घेतो, आकडे वहीत लिहितो, वही वरिष्ठांस दाखवितो आणि पुढील वर्षी नवी वही घालतो. जुन्या वहीचे काय होते, हे सहसा कोणी विचारीत नाही.

वास्तविक ते विचारावयास हवे. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही अशा तक्रारी महाराष्ट्रात ठिकठिकाणी झाल्या. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल पातळ असते. मळणीयंत्र अधिक वेगाने फिरले, शेतात लावलेली सुडी पावसात भिजली, दाण्यात ओल राहिली किंवा पोत्यांची थप्पी फार उंच लागली, की आतील अंकुर दुखावतो. ही कारणे पुस्तकात दिलेली आहेत. परंतु एकाच गावात, एकाच जातीचे, एका कास्तकाराचे बियाणे उगवते आणि धुऱ्यापलीकडील शेजाऱ्याचे उगवत नाही, तेव्हा त्यांपैकी कोणत्या कारणाचा वाटा किती, हे पुस्तक सांगू शकत नाही. दोन्ही खळी पाहिलेला मनुष्यच ते सांगू शकेल. मात्र त्याने पाहिलेले नीट नोंदून ठेवलेले असले पाहिजे, आणि नोंदींतून खात्रीचा निष्कर्ष कसा काढावा, ही विद्या त्याला अवगत असली पाहिजे. पदव्युत्तर शिक्षण म्हणतात ते मुख्यतः ह्याच विद्येला.

ती विद्या मिळविण्याचा आजचा राजमार्ग गावापासून दूर जातो. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झाले. अशा कृषी विद्यापीठात पदव्युत्तर पदवी घ्यावयाची म्हणजे साधारण दोन वर्षे तेथे राहावे, पाठ ऐकावेत, प्रक्षेत्रावर प्रयोग करावा आणि प्रबंध लिहावा. ह्या शिक्षणाच्या कसाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ज्याच्याकडे गावे सोपविलेली आहेत, ज्याची मुले शाळेत जातात आणि ज्याचे आईवडील घरी आहेत, त्याने तेथे जावे कसे? अध्ययन रजेची तरतूद नियमांत आहे. तथापि तो रजेवर गेला की त्याची गावे दुसऱ्याच्या गावांत मिळविली जातात, आणि त्या दोन हंगामांत तेथील शेतकऱ्याला आपले माणूस भेटत नाही. म्हणून बहुतेकजण जातच नाहीत. जे जातात ते परतल्यावर कदाचित भलत्याच तालुक्यात नेमले जातात, आणि प्रबंधातील ज्ञान एका जमिनीचे व काम दुसऱ्या जमिनीत, असा प्रकार होतो.

घरी राहून शिकण्याची सोय महाराष्ट्रास नवी नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १ जुलै १९८९ रोजी स्थापन झाले आणि शेतीचे शिक्षण त्याने मराठीतून पुष्कळांच्या दारी नेले. हैदराबाद येथील राष्ट्रीय कृषी विस्तार व्यवस्थापन संस्थेने, म्हणजे ‘मॅनेज’ने, शासकीय विस्तार कार्यकर्त्यांसाठी २००७ मध्ये दूरस्थ पद्धतीची एक वर्षाची पदव्युत्तर पदविका सुरू केली. तिची दोन सत्रे असून प्रकल्पकार्याचाही तीत समावेश आहे. हा उपक्रम स्तुत्य होय. परंतु तो विस्तारकार्याच्या व्यवस्थापनाचा आहे. बोंडअळी, बियाणे किंवा क्षारयुक्त जमीन ह्यांच्या अभ्यासाचा नव्हे.

शेतीच्या पदवीपुरता हा मार्ग पुढे अडला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये कृषी पदवीचे शिक्षण दूरस्थ पद्धतीने देण्यास मनाई केली. हा विषय प्रात्यक्षिकाचा आहे, प्रयोगशाळेवाचून तो शिकविता येत नाही, असे कारण देण्यात आले. कारण खरे आहे. टपालाने आलेली पुस्तके वाचून कोणी जमिनीचा सामू मोजावयास शिकत नाही. तथापि जो मनुष्य नोकरीच्या निमित्ताने वर्षाचे बाराही महिने प्रात्यक्षिकातच वावरतो, त्याला ह्याच कारणास्तव दूर ठेवणे विचित्र दिसते. दूरस्थ शिक्षण आणि कामातून शिक्षण ह्या दोन वस्तू भिन्न आहेत. पहिल्यात विद्यार्थी विषयापासून दूर असतो. दुसऱ्यात तो विषयाच्या मध्यभागी उभा असतो. त्याच्यापासून दूर असतो तो केवळ मार्गदर्शक.

वैद्यकीय क्षेत्राने हा भेद कधीच ओळखला. डॉक्टर पदव्युत्तर पदवी घेतो ती रुग्णालयात रुग्ण तपासीत असताना. त्याने दोन वर्षे रुग्णांपासून दूर राहून ती घ्यावी असे कोणी सुचविणार नाही. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय परीक्षा मंडळाने तर वैद्यकीय महाविद्यालय नसलेल्या, परंतु अनुभवी तज्ज्ञ असलेल्या रुग्णालयांनाही पदव्युत्तर शिक्षणासाठी मान्यता दिली. इंग्लंडमध्ये मिडलसेक्स विद्यापीठाने १९९० नंतरच्या दशकात हेच तत्त्व इतर व्यवसायांना लावले. तेथे विद्यार्थी, त्याला नोकरीवर ठेवणारी संस्था आणि विद्यापीठ ह्या तिघांत करार होतो, विद्यार्थ्याच्या कामातूनच प्रकल्प निवडला जातो आणि त्याची परीक्षा विद्यापीठ घेते. शेतीला तेवढे हे वर्ज्य का असावे?

बुलडाणा जिल्ह्यात अशा अभ्यासाला विषय शोधीत फिरावे लागणार नाही. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातील कपाशीचे अतोनात नुकसान केले. तेव्हापासून कामगंध सापळे लावणे आणि हिरवी बोंडे फोडून पाहणे हे नित्याचे काम झाले आहे. एका सापळ्यात सलग तीन दिवस रोज ८ किंवा त्याहून अधिक पतंग सापडले, किंवा २० बोंडांपैकी २ बोंडे किडलेली निघाली, की फवारणीचा विचार करावयाचा, असा दंडक आहे. २००९ पासून चाललेल्या ‘क्रॉपसॅप’ ह्या कीड सर्वेक्षण प्रकल्पात निवडलेल्या शेतांतील अशी निरीक्षणे ठरावीक दिवशी घेतली जातात. त्यांवरून सल्ला निघतो, तो गावात पोचतो आणि आठवडा संपतो.

आता समजा, मलकापूरकडील एखाद्या कृषी सहायकाने मनात एक प्रश्न धरला: ज्या शेतांत डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटली आणि ज्यांत फरदड ठेवली, त्यांच्या आसपास पुढील हंगामात पहिले पतंग केव्हा सापडतात? तेच सापळे, तीच बोंडे, तीच वही. वाढले ते एवढेच, की शेते प्रश्नाला अनुसरून निवडली गेली, तुलनेसाठी जोड्या लावल्या, आणि तीन हंगामांचे आकडे एका कीटकशास्त्रज्ञाने डोळ्यांखालून घातले. त्यात मिळालेले उत्तर त्या परिसराचे असेल. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यालाही हे लागू आहे. संग्रामपूर, शेगाव ह्या भागांत जमीन चोपण आणि विहिरीचे पाणी खारे. जिप्सम किती द्यावे, धैंचा केव्हा गाडावा, शेततळ्याचे गोडे पाणी कोणत्या पिकाला पुरवावे, ह्याची उत्तरे एका शेतापासून दुसऱ्या शेतापर्यंत बदलतात. देऊळगाव राजाकडे शेडनेटमध्ये भाजीपाल्याच्या संकरित बियाण्याचे उत्पादन होते. तेथील कास्तकाराला परागीकरणाचे जे हस्तकौशल्य आहे ते पाहून पुस्तकी पंडितानेही वही काढावी.

ह्या योजनेवर आक्षेप येतील, आणि त्यांतील काही खरे आहेत. अभ्यासाच्या नावाखाली नेमून दिलेले काम मागे पडेल, हा पहिला. अभ्यासाचा विषय नेमून दिलेल्या कामातूनच घेतला असेल तर ही भीती बरीचशी उरत नाही. बाहेरचा विषय घेऊ दिला तर मात्र ती खरी ठरेल. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अनुभवाला श्रेयांक मिळू लागले की अनुभवाचे दाखलेही मिळू लागतील. पंधरा वर्षे नोकरी झाली म्हणून पदवी, असे होऊ लागले तर ते शिक्षण न राहता सेवाज्येष्ठतेचे दुसरे नाव होईल. केवळ काम म्हणजे अभ्यास नव्हे. ज्याने तीस वर्षे बियाण्याची चाचणी घेतली पण दोन बियाण्यांतील फरकाचे कारण एकदाही शोधले नाही, त्याला पदवी देण्याचे कारण नाही. प्रश्न, तुलना, नोंद आणि बाहेरच्या परीक्षकापुढे तोंडी परीक्षा, ह्या चार गोष्टींत सवलत नसावी. सवलत असावी ती वेळेत, स्थळात आणि भाषेत. प्रबंध मराठीत लिहिण्याची मुभा तर अवश्य हवी. ज्या गावात प्रयोग झाला त्या गावाला तो वाचता येऊ नये, हे बरे नव्हे.

शेतकऱ्यांच्या बाजूचा आक्षेप फारसा बोलला जात नाही. तुलनेसाठी एक पट्टा फवारणीवाचून ठेवा, असे कोणी सांगितले तर त्या पट्ट्यातील तोटा कोणी सोसावा? पदवी एकाला मिळणार आणि बोंडे दुसऱ्याची किडणार, हा व्यवहार न्यायाचा नाही. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातील शेतीशाळांमध्ये यजमान शेतकऱ्याच्या शेतावर सर्वांनी मिळून निरीक्षण करण्याची रीत बुलडाण्यातील अनेक गावांनी पाहिलेली आहे. तीच पुढे न्यावी. शेतकऱ्याची संमती लेखी असावी, तुलनेच्या पट्ट्याची भरपाई आधी ठरलेली असावी, आणि निष्कर्ष विद्यापीठात सादर होण्यापूर्वी गावात वाचून दाखविला जावा. गावकरी त्यात अशा चुका काढतील की ज्या परीक्षकाला दिसणार नाहीत.

नियमांची वाट आता पूर्वीइतकी बंद राहिलेली नाही. २०२१ मध्ये श्रेयांकांची राष्ट्रीय पेढी सुरू झाली, आणि २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने अनुभवातून मिळविलेल्या, परंतु कसोटीला उतरलेल्या ज्ञानाला श्रेयांक देण्याचे तत्त्व मान्य केले. उरलेले काम कृषी विद्यापीठ आणि कृषी खाते ह्यांनी एकत्र बसून करावयाचे आहे. जिल्ह्यात बुलडाणा आणि जळगाव जामोद येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. तेथील शास्त्रज्ञांना मार्गदर्शक म्हणून मान्यता दिली, तर विद्यार्थ्याला महिन्यातून एकदा वही दाखविण्यासाठी अकोल्यापर्यंत जावे लागणार नाही. प्रयोगशाळेतील कामासाठी वर्षातून काही आठवडे विद्यापीठात राहणे मात्र आवश्यकच राहील, आणि ते उन्हाळ्यात, शेते मोकळी असताना, ठेवता येईल. प्रकल्प चालू असेतो त्या कर्मचाऱ्याची बदली होऊ नये, एवढी एक अट खात्याने स्वतःवर घालून घ्यावी. तीन हंगामांच्या नोंदी दुसऱ्या हंगामात तुटल्या तर त्यांचा उपयोग विद्यापीठालाही नाही आणि गावालाही नाही. आरंभ मोठा करण्याचे कारण नाही. प्रत्येक तालुक्यातून इच्छुक असा एकेक कर्मचारी आणि त्याच्याबरोबर दोन-तीन शेतकरी घेतले तरी १३ तालुक्यांतून १३ प्रश्न उभे राहतील. मे महिन्यात गोणपाटे भिजू लागण्यापूर्वी ह्या सर्वांची आणि त्यांच्या मार्गदर्शकांची नावे निश्चित झालेली असावीत, म्हणजे पहिली नोंद बियाण्यापासूनच घेता येईल.