सहीच्या आधीचा वकील

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये,’ असे आपले वाडवडील सांगत आले. या म्हणीत अनुभवाचा अर्क आहे, हे कोण नाकारील? एकेका दाव्यात पिढ्या सरतात, जमिनीचा तुकडा खर्चापायी जातो आणि भाऊ भावाला दुरावतो. तथापि त्या काळी कोर्ट टाळणाऱ्याला कायदाही बहुधा टाळता येत असे. आज तसे राहिलेले नाही. आज कायदा आपणहून घरी येतो, आणि तो येतो कागदाच्या रूपाने.

गोव्यातील एखादे घर डोळ्यांपुढे आणा. मुलगा प्रवासी बोटीवर नोकरीला निघाला आहे. बोटीचा मालक एका देशातला, बोटीवर निशाण बहामाचे किंवा पनामाचे, भरती करणारा एजंट मुंबईचा आणि करारपत्र इंग्रजीत. त्यात कोठेतरी एक कलम असते की, वाद उद्भवल्यास निवाडा अमुक परदेशी लवादापुढे होईल. मुलगा शेवटच्या पानावर सही करून मोकळा होतो. पुढे कामावर हात मोडला किंवा पगार थकला, म्हणजे त्या कलमाचा अर्थ घरच्यांना कळतो.

वास्तविक पाहता कायदा या मुलाच्या बाजूने उभा आहे. बोटीवरील कामगारांसाठी २००६ साली झालेला आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१५ मध्ये मान्य केला. सही करण्यापूर्वी करारपत्र तपासण्याची आणि त्यावर सल्ला घेण्याची संधी कामगाराला मिळालीच पाहिजे, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. हक्क उत्तम आहे. परंतु हा सल्ला द्यावा कोणी? तालुक्याच्या गावी वकील पुष्कळ असतील. असा कागद वाचून त्याचा अर्थ आईबापांना त्यांच्या भाषेत उलगडून सांगण्याचे शिक्षण त्यांपैकी कितीजणांना मिळाले आहे? म्हणूनच कायद्याच्या शिक्षणाची सुधारणा हा केवळ प्राध्यापकांचा विषय नव्हे. तो आपल्या ओसरीवरचा विषय आहे.

आपल्याकडे हे शिक्षण पुष्कळ वर्षे एकाच चाकोरीतून चालले. पदवीनंतर तीन वर्षे सकाळ-संध्याकाळचे वर्ग, कलमांचे पाठांतर आणि परीक्षा. खरे काम शिकायचे ते सनद मिळाल्यावर, अशिलाच्या जिवावर! या पाठांतराचे मोल किती, हे १ जुलै २०२४ रोजी साऱ्या देशाला दिसले. त्या दिवशी १८६० ची दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता लागू झाली. ज्या ‘चारशेवीस’ने आपल्या बोलण्यात लबाड माणसाला नाव दिले, ते फसवणुकीचे कलम आता ३१८ झाले आहे. ज्याने केवळ आकडा पाठ केला होता, त्याची विद्या एका रात्रीत शिळी झाली. फसवणूक म्हणजे काय आणि ती सिद्ध कशी करावी, हे ज्याला उमगले होते, त्याचे फारसे काही बिघडले नाही.

सुधारणेचा एक मोठा प्रयत्न बंगळूर येथे झाला. तेथील नॅशनल लॉ स्कूलमध्ये १९८८ साली डॉ. माधव मेनन यांच्या नेतृत्वाखाली बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. कायद्याच्या जोडीला इतिहास, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र आले. पाठांतराऐवजी चर्चा आली. पुढे अनेक राज्यांनी हाच कित्ता गिरवला. त्यातून बुद्धिमान वकील निर्माण झाले, यात शंका नाही. मात्र त्यांतील बरेचजण मोठ्या कंपन्यांच्या कामाकडे वळले. असे काम करण्यात कमीपणा नाही. पण परिणाम पाहा: बोटीचे करारपत्र लिहिणाऱ्याजवळ उत्तम शिकलेला वकील आहे, आणि त्यावर सही करणाऱ्याजवळ कोणीच नाही. जागतिक व्यापाराचे ज्ञान कंपनीइतकेच, किंबहुना अधिकच, या मुलाला हवे आहे.

यावर उपाय कोणता? डॉक्टर होऊ पाहणारा विद्यार्थी इस्पितळात, अनुभवी डॉक्टरांच्या नजरेखाली, प्रत्यक्ष रोगी पाहून शिकतो. वकिलीचेही तसेच व्हावयास हवे. विधी सेवा प्राधिकरणांच्या १९८७ च्या कायद्यातच महाविद्यालयांतून कायदा सल्ला केंद्रे उभी करण्याचा विचार आहे. बार कौन्सिलने १९९७ मध्ये व्यावहारिक प्रशिक्षणाचे चार विषय सक्तीचे केले. दुर्दैवाने कित्येक ठिकाणी हे केंद्र म्हणजे वर्षातून एखादे शिबिर, एक फलक आणि एक छायाचित्र एवढेच उरते. विद्यार्थ्याने गुरूसह ठरलेल्या दिवशी गावात बसावे, लोकांचे कागद वाचावेत आणि काम तडीस जाईपर्यंत सोडू नये. त्याचे गुण याच कामावर ठरावेत.

येथे त्याला जुने व नवे दोन्ही जाणावे लागेल. गोव्यातील वारसाहक्काची मुळे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत आहेत, आणि वारस मात्र लिस्बन, लंडन व कुवेत येथे पांगलेले असतात. बेळगावकडे घरची भाषा मराठी, कचेरीची कन्नड आणि उच्च न्यायालयाची इंग्रजी. या तिन्हींमधील पूल होईल तोच खरा वकील.

हे घडेपर्यंत आपण स्वस्थ बसावे काय? मुळीच नाही. मुलामुलींना कायदा शिकवणार असाल, तर महाविद्यालय निवडताना फी व इमारतीबरोबरच तेथील सल्ला केंद्राची चौकशी करा. विद्यार्थी किती दिवस गावांत जातात, हे विचारा. परदेशी नोकरीचा, जमिनीचा वा कर्जाचा कागद पुढे आला, की सहीपूर्वी दोन दिवसांची मुदत मागा. तालुका विधी सेवा समिती प्रत्येकाला ठाऊक असावी. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, कामगार, अपंग व कोठडीतील माणसे यांना तेथे उत्पन्नाची अट न घालता विनामूल्य मदत मिळते. १५१०० या दूरध्वनी क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते.

कोर्टाची पायरी टाळावी, हे खरेच; परंतु त्यासाठी वकिलाकडे सहीनंतर नव्हे, सहीपूर्वी गेले पाहिजे. आणि तेथे बसलेल्या वकिलाला आपला कागद वाचता आला पाहिजे. तेवढे त्याला शिकविले जावे, ही मागणी आपण गावकऱ्यांनीच करावयाची आहे.