करवतीच्या टाकीचे झाकण गळते तेव्हा



सांगोला, मंगळवेढ्याकडे मर आणि खोडकिड्याने डाळिंबाच्या बागा वाळल्या, तेव्हा त्या काढायला पेट्रोलवर चालणाऱ्या करवती गावोगाव आल्या. काहींनी नव्या घेतल्या, पुष्कळांनी जुन्या. बांधावरची वेडी बाभूळ तोडायलाही आता हेच यंत्र. या जुन्या यंत्रांची एक तक्रार वारंवार कानावर येते, ती अशी की, "साहेब, यंत्र आडवे केले की झाकणातून पेट्रोल गळते."

त्यावर बहुतेकांचा इलाज ठरलेला आहे. झाकणाखाली प्लॅस्टिकची पिशवी घालून करकचून आवळायचे, नाहीतर झाकणाच्या भोकात एम-सील भरायचे. गळती थांबते, पण यंत्राचा जीव जातो.

घरात तेलाचा पत्र्याचा डबा फोडताना आपल्या मायभगिनी एक भोक पाडून थांबत नाहीत, दुसरेही पाडतात. एकाच भोकातून तेल गचके खात येते, कारण आत हवा शिरायला वाट नसते. करवतीच्या झाकणावरचे बारीक भोक म्हणजे हे दुसरे भोक. फरक एवढाच की करवत काम करताना आडवी-उलटी होते, म्हणून त्या भोकात रबराची छोटी झडप बसवलेली असते. ती हवा आत घेते, पण पेट्रोल बाहेर सोडत नाही. भोक बुजवले की काही मिनिटांत टाकीत पोकळी तयार होते आणि इंजिनाला पेट्रोल अपुरे पडते. या इंजिनाचे वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी, आणि मग पिस्टन धरतो. झाकणाचा खर्च वाचवायला जाऊन इंजिन बांधायची वेळ येते.

आता दुरुस्ती. यंत्र पूर्ण निवू द्या. आपल्या सोलापुरी उन्हात टाकीत वाफ कोंडलेली असते, म्हणून झाकण फडक्याने धरून सावकाश सैल करा. जवळ विडी, चूल, शेगडी नको. टाकी अर्धी ठेवून झाकण लावा, सगळे कोरडे पुसा आणि झाकण खाली येईल असे यंत्र जुन्या वर्तमानपत्रावर आडवे करा. कडेने ओल आली तर वायसर गेला. मधल्या भोकातून आली तर झडप. दोन्ही कोरडे राहून टाकीच्या बुडाशी ओल दिसली तर दोष झाकणाचा नव्हेच, पेट्रोलची नळी चिरली आहे. झाकणाला भोकच दिसत नसेल तर घाबरू नका. काही यंत्रांत हवेची वाट टाकीवर वेगळी असते.

झडपेत बहुधा भुसा आणि तेलाचा चिकटा अडकलेला असतो. झाकण थोड्या पेट्रोलमध्ये बुडवून जुन्या दातब्रशने धुवा. भोकात तार किंवा खिळा घालू नका, झडप फाटते. वाळल्यावर सायकलच्या पंपाने बाहेरून हलकी हवा मारा, ती आत गेली पाहिजे. आतल्या बाजूने मारली तर अडली पाहिजे. तोंडाने फुंकू नये. दोन्हीकडून सारखीच हवा जात असेल तर झडप संपली, झाकण नवेच घ्यावे.

वायसर मात्र घरी बदलता येतो. सायकलच्या ट्यूबचे रबर कापून बसवू नका, पेट्रोलमध्ये ते फुगून मऊ पडते. दुकानात जुना वायसर दाखवून पेट्रोलला टिकणाऱ्या नायट्रिल रबराची रिंग मागा. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्याच उसापासून निघालेले म्हणून त्याचे कौतुक आहेच, पण जुन्या यंत्रांचे रबर त्यासाठी बनलेले नव्हते. ते फुगते नाहीतर कडक होऊन चिरते. शिवाय इथेनॉल पाणी ओढते. हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि यंत्र सुरू करून उरलेले पेट्रोल संपवून टाका.

दुरुस्तीनंतर यंत्र दहा-पंधरा मिनिटे चालवून पाहा. ते दम लागल्यासारखे बंद पडले, थोडे निवल्यावर झाकण सैल करताच 'स्स' करून हवा आत ओढली गेली आणि यंत्र पुन्हा सुरू झाले, तर वाट अजून बुजलेलीच आहे.

आणि एक. गळके यंत्र स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवलेले मी अनेक घरांत पाहतो. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरत चुलीपर्यंत जाते. यंत्र दुरुस्त असो वा नसो, त्याची जागा गोठ्यापासून, वैरणीपासून आणि चुलीपासून लांब, मोकळ्या हवेच्या पडवीत असावी.