रणजी प्लेट गट : वर जाण्याची जागा आता एकच, बदललं काय आणि बिघडलं कुठे?

रणजी करंडकात ३८ संघ खेळतात, पण करंडकासाठी झुंजतात ते ३२. हे ३२ संघ ‘एलिट’मध्ये असतात. उरलेल्या सहा संघांचा ‘प्लेट’ गट असतो. त्यांची स्पर्धा वेगळी, अंतिम सामना वेगळा. प्लेटच्या अंतिम फेरीत पोहोचलेले दोन्ही संघ पुढच्या हंगामात एलिटमध्ये जात आणि तिथले तळाचे दोन खाली येत. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने २०२५-२६ पासून हा नियम बदलला. आता एकच संघ वर, एकच खाली.

महाड-पोलादपूरच्या वाचकाला हा ईशान्येकडच्या राज्यांचा प्रश्न वाटेल. पण रायगडचं क्रिकेट ज्या महाराष्ट्र संघाशी जोडलेलं आहे, तोच संघ २०१३-१४ मध्ये सर्वांत खालच्या ‘क’ गटात होता. तेव्हा या गटातले पहिले दोन संघ त्याच हंगामात थेट उपांत्यपूर्व फेरीत जायचे. महाराष्ट्राने वानखेडेवर मुंबईला हरवलं, मग बंगालला. अंतिम सामन्यात कर्नाटक भारी पडलं. त्या हंगामात केदार जाधवने १२२३ धावा काढल्या. त्याआधी २०१०-११ मध्ये राजस्थान तर प्लेटमधून येऊन थेट विजेता झाला होता!

मग दार बंद का केलं?

कारण २०१८-१९ मध्ये नऊ नवे संघ आले आणि अंतर एकदम उघडं पडलं. मार्च २०२२ मध्ये प्लेटमधून आलेल्या नागालँडविरुद्ध झारखंडने ८८० धावा केल्या. सामना संपला तेव्हा झारखंडची एकूण आघाडी १००८ होती. अशा सामन्यातून कोणीच काही शिकत नाही. त्यानंतर २०२२-२३ पासून प्लेटचा रस्ता वेगळा झाला, आणि तो निर्णय बरोबरच होता. आयर्लंडमध्ये गेलिक फुटबॉलच्या दुबळ्या काउंटींसाठी त्याच वर्षी ‘टेल्टन कप’ सुरू झाला, तोही असाच विचार करून. तिथला विजेता पुढच्या वर्षी मुख्य स्पर्धेत खेळतो.

आताच्या बदलामागचं कारणही दिसतं. बढती मिळवून आलेल्या मेघालयाची जानेवारी २०२५ मध्ये मुंबईविरुद्ध २ धावांत ६ बाद अशी अवस्था झाली. मुंबई एक डाव आणि ४५६ धावांनी जिंकली. मेघालय पुन्हा प्लेटमध्ये आलं. दुसरीकडे, प्लेटमध्येही सगळे सारखे नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्वरीत गोव्याच्या स्नेहल कवठणकर (नाबाद ३१४) आणि कश्यप बखले (नाबाद ३००) यांनी अरुणाचलविरुद्ध ६०६ धावांची अभेद्य भागीदारी केली. गोवा एक डाव आणि ५५१ धावांनी जिंकला. एलिटमधून घसरलेला संघ इथे वर्षभर राहून परत जातो. त्याच्यासाठी प्लेट म्हणजे थांबा, अरुणाचलसाठी मुक्काम. जागा एकच उरली, की ती बहुतेक वेळा अशा घसरून आलेल्या संघालाच मिळणार.

खरी अडचण मात्र जागांच्या संख्येपेक्षा सामन्यांच्या संख्येत आहे. एलिट संघाला साखळीत सात सामने मिळतात, प्लेटला पाच. नवख्या खेळाडूचं मानधन दिवसाला ४० हजार रुपये. चार दिवसांचे सामने धरले तर एलिटमध्ये ११ लाख २० हजार, प्लेटमध्ये ८ लाख. म्हणजे ज्याला खेळायची जास्त गरज आहे, त्याला खेळही कमी आणि पैसाही. उन्हाळ्यात गावच्या टेनिस बॉल स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाद होणाऱ्या संघाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

संघ सहाच आहेत. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा, एकदा घरच्या आणि एकदा बाहेरच्या मैदानावर खेळायचं ठरवलं, तर साखळीत दहा सामने होतात. त्यासाठी एलिटच्या वेळापत्रकाला हात लावायचीही गरज नाही. मंडळाने जागा कमी करण्याआधी हे करून बघायला हवं होतं. अजूनही करता येईल.